विचारा की! : बंद पडलेल्या वेबसाइट, 'शोलापूर'चे पेपर आणि चिमणीचा व्हिडिओ

मागच्या अंकात आम्ही दोन ओळींची चौकट टाकली होती, की पुढचं सदर इंटरनेटवरच्या साधनांवर आहे, इतिहास लिहिणारी माणसं जुन्या वेबसाइट, स्कॅन केलेले पेपर, व्हिडिओ हे सगळं कसं वापरतात त्याबद्दल काय विचारायचं ते विचारा. पत्रं आणि मेसेज मिळून बरेच आले. त्यातले निम्मे 'माझे डिलीट झालेले फोटो परत येतील का' असे होते, त्यांनी कृपया मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जावं. उरलेल्यांतले काही इथं घेतलेत, पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : मी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाला विषय घेतलाय, सोलापुरी चादर आणि टॉवेलवाले इंटरनेटवर कसे आले, साधारण १९९८ ते २०१०. आमच्या पूर्व भागातल्या कितीतरी कारखान्यांच्या वेबसाइट होत्या, आता पत्ता टाकला तर काहीच उघडत नाही, नाहीतर तिथं भलतीच जाहिरात येते. गाइड म्हणतात वेबसाइट हे काय साधन झालं का, विषय बदला. बदलू का?
— विद्यार्थिनी, अशोक चौक

उत्तर : अजिबात बदलू नका. गाइडना दुखवू पण नका, ते म्हणतात त्यात निम्मं तथ्य आहे, ते कसं ते खाली येतंच.

आधी पानं कुठं मिळतील ते बघू. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला इंटरनेट आर्काइव्ह म्हणून संस्था आहे, ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली काढलेली, तेव्हापासून त्यांचे प्रोग्रॅम जगभरच्या वेबसाइटवर फिरतायत आणि सापडेल त्या पानाची प्रत काढून ठेवतायत, २००१ पासून वेबॅक मशीन या नावानं हा साठा कुणालाही फुकट बघता येतो आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी एक लाख कोटी पानांचा टप्पा गाठला. एवढं असूनही तुम्ही तिथं 'सोलापूर टॉवेल' टाकून शोधायला गेलात तर फारसं हाती लागणार नाही, कारण तिथला शोध मुख्यतः पत्त्यावरून चालतो, आतल्या मजकुरावरून नाही. म्हणजे वेबसाइटचा जुना पत्ता तुमच्याकडे आधी पाहिजे. तो कुठून आणायचा? चादरीच्या जुन्या खोक्यावरून! खरंच सांगतो, घरोघरी माळ्यावर लग्नात आलेल्या चादरींची खोकी पडलेली असतात, त्यावर, लेबलावर, व्हिजिटिंग कार्डावर, प्रदर्शनाच्या कॅटलॉगवर, बिलबुकावर 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' करून पत्ता छापलेला सापडतो. एक पत्ता मिळाला की त्याच्या 'लिंक्स' पानावरून दुसरे मिळतात. डीमॉझ नावाची स्वयंसेवकांनी चालवलेली वेबसाइटची डिरेक्टरी होती, १९९८ ते २०१७, तिची जुनी पानंपण वेबॅकवर बघा.

पत्ता टाकल्यावर एक कॅलेंडर येतं, ज्या दिवशी पानाची प्रत काढली त्या तारखेवर ठिपका असतो. ठिपक्यावर क्लिक केलं की पान उघडतं आणि वर पत्त्यात १४ आकडे दिसतात, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ आपली नाही, ग्रीनिचची आहे, आपण साडेपाच तास पुढं, त्यामुळं तिथं रात्रीचे आठ लिहिले असतील तर सोलापुरात तारीख पालटून गेलेली, म्हणजे रात्रीचा दीड वाजलेला. तारखेला महत्त्व असेल तिथं हे विसरू नका.

आता गाइडचं निम्मं तथ्य. तुम्हाला जे पान दिसतं ते त्या दिवशी सोलापुरात कुणी कॉम्प्युटरवर बघितलेलं पान नसतं. मजकूर एका दिवशी उचललेला, त्यातला टॉवेलचा फोटो दोन वर्षांनी उचललेला, वरची पट्टी अजून तिसऱ्याच तारखेची, आणि मशीन हे सगळं आत्ता तुमच्यासमोर जोडून दाखवतं. नील्स ब्रुगर नावाचे डेन्मार्कचे अभ्यासक आहेत, ते बरीच वर्षं हेच सांगतायत की साठवलेलं पान ही जुन्या पानाची झेरॉक्स नाही, ते नव्यानं जन्माला आलेलं पान आहे, आणि संशोधकानं ते तसंच हाताळलं पाहिजे. वेबॅकच्या वरच्या पट्टीत 'अबाउट धिस कॅप्चर' असं असतं, तिथं टिचकी मारली की पानाच्या कुठल्या तुकड्यात आणि मजकुरात किती महिन्यांचं अंतर आहे ते दिसतं. ते वहीत उतरवून ठेवा. २००१ च्या मजकुराशेजारी २००४ चा फोटो बघून 'तेव्हा कारखान्यात ऑटोलूम (आपोआप चालणारे माग) आले होते' असं लिहून बसलात तर तोंडी परीक्षेला पहिला प्रश्न तोच येईल.

फोटो मुळीच नसतील असंही होईल, पूर्वी मशीन मजकूर उचलायचं आणि चित्रं राहून जायची. काहींचे कॅटलॉग फ्लॅश नावाच्या हलत्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये होते, ते फ्लॅश डिसेंबर २०२० ला बंदच झालं. मग अशा पानातून काढायचं काय? तर बारीकसारीक. खाली दिलेला फोन नंबर बघा. २००२-०३ च्या आसपास बीएसएनएलच्या लँडलाइन नंबरांच्या आधी २ लागला, सहा आकडी नंबर सात आकडी झाले, तर २००६ ला साठवलेल्या पानावर ०२१७ च्या पुढं अजून सहाच आकडे असतील तर मालकानं तीन-चार वर्षं वेबसाइटकडे ढुंकूनही बघितलेलं नाही हे कळतं, वेबसाइट 'होती' पण 'चालत' नव्हती. भेट देणाऱ्यांचा काउंटर दोन तारखांना किती होता ते बघा. पत्ता डॉट कॉम आहे का डॉट इन, कारण डॉट इन सगळ्यांना सहज मिळायला लागलं ते २००५ पासून. भाषा बघा, टॉवेलवाल्यांची पानं इंग्रजीत, कारण ती बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी होती, चादरीचं गिऱ्हाईक तर दुकानात येऊन हातानं पोत बघून घ्यायचं, त्याला वेबसाइट कशाला. तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण इथंच झालं की.

आणि कोण नाही तेही लिहा. मालकाची वेबसाइट होती, मागावरच्या कामगाराची नव्हती, विडी वळणाऱ्या बायकांची तर नव्हतीच. त्यांच्यासाठी पूर्व भागात घरोघर जाऊन बोलावं लागेल, थोडं तेलुगू येत असेल तर सोन्याहून पिवळं.

गाइडना दाखवायला एक उदाहरण देतो. जिओसिटीज नावाची फुकट वेबपान बनवून देणारी सेवा १९९४ ला सुरू झाली, १९९९ ला याहूनं ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ ला बंद केली. बंद व्हायच्या आधी काही स्वयंसेवकांनी रात्रंदिवस बसून जमेल तेवढी पानं उतरवून घेतली. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे इयन मिलिगन हे इतिहासाचे प्राध्यापक, त्यांनी त्याच ढिगावर संशोधन केलंय, साधी माणसं नव्वदच्या दशकात वेबवर काय लिहीत होती, एकमेकांशी कशी वागत होती, पोरांची पानं कशी होती. राजेरजवाडे सोडून साध्या माणसानं स्वतः लिहिलेलं एवढं साधन आधीच्या कुठल्या शतकानं ठेवलंय सांगा बरं.

तळटीप देताना मूळ पत्ता, साठवल्याची तारीख-वेळ आणि तुम्ही कधी बघितलं हे तिन्ही द्या, आणि पानाचा स्क्रीनशॉट काढून स्वतःकडे ठेवा.

प्रश्न : वेबॅकवर २००० सालच्या सुमाराचं एक मराठी वर्तमानपत्राचं पान उघडलं, तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं, टिंबं, उलटे स्वल्पविराम, नुसता गिचमिडकाला. फाइल खराब झालीय का?
— ग्रंथालयात काम करणारा वाचक, सात रस्ता

उत्तर : फाइल ठणठणीत आहे, फॉन्ट नाहीये. हा खास आपल्याकडचा घोळ आहे आणि परदेशी लोकांच्या पुस्तकांत तो सापडत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना जगभर एकच कोड देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या कॉम्प्युटरवर ती नीट चालायला विंडोज २००० आणि एक्सपी यावं लागलं, तोवर प्रत्येक पेपरचा आपापला फॉन्ट. छापखान्यात श्रीलिपी वगैरे असायचं, त्यातच वेबसाइट. त्या फॉन्टमध्ये 'क' च्या जागी कॉम्प्युटरला एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच माहीत असतं, फक्त दाखवताना फॉन्ट त्याच्यावर 'क' चं चित्र चढवतो. वाचकानं तो फॉन्ट उतरवून घ्यायचा, नाहीतर पान उघडताना तो आपोआप यायचा. आता फॉन्ट गेला, चित्र गेलं, खाली नुसते कोड उरले.

उपाय आहे. पानावर राइट क्लिक करून 'व्ह्यू सोर्स' करा, त्यात फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं. त्या नावाचा कन्व्हर्टर शोधा, बऱ्याच जुन्या फॉन्टचे फुकट कन्व्हर्टर मिळतात, मजकूर त्यात टाकला की युनिकोड होऊन बाहेर येतो. ऱ्हस्व-दीर्घ, रफार आणि जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासा, 'र्‍या' आणि 'र्या' तिथं हमखास मार खातात. ज्या फॉन्टचा कन्व्हर्टर नाही त्याचा तक्ता स्वतः बनवायचा, कुठला कोड म्हणजे कुठलं अक्षर. एक-दोन बातम्यांची मथळ्यावरून ओळख पटली की बाकीचं सुटत जातं. मोडी शिकलेल्या माणसाला हे अवघड नाही, आणि सोलापुरात मोडी वाचणारे अजून आहेत.

यातली खरी मेख वेगळीच आहे. आजकाल लाखो पानं मशीनला वाचायला देऊन कुठला शब्द कधी वाढला, कधी कमी झाला असा अभ्यास करतात. असा अभ्यास मराठीवर केला तर २००० च्या आसपास मराठी माणूस वेबवर जवळजवळ गप्पच होता असं दिसेल, कारण मशीनला ती पानं मराठी वाटतच नाहीत. प्रत्यक्षात मायबोली १९९६ पासून आहे, मराठी विकिपीडिया २००३ पासून. म्हणून मराठीपुरतं तरी आलेख बघून हुरळून जाऊ नका, आधी ती पानं मोजणीत धरलीत का ते विचारा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर (लष्करी अमलावर) टिपणं काढतो आहे. परदेशी वर्तमानपत्रं आता घरबसल्या वाचता येतात असं नातू म्हणतो. त्यात आपल्या गावाबद्दल काही असेल का? आणि त्यावर विश्वास किती ठेवावा?
— साखर पेठ

उत्तर : गुरुजी, नातवाचं बरोबर आहे आणि शोधायचं कामही त्यालाच लावा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ट्रोव्ह नावाची साइट आहे, फुकट, त्यांचे जुने पेपर त्यात स्कॅन करून टाकलेत, न्यूझीलंडची पेपर्स पास्ट पण तशीच. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हला मात्र पैसे पडतात. स्पेलिंग तेवढं जुनं टाका, इंग्रजांच्या कागदात गावाचं नाव 'शोलापूर' आहे, एस नंतर एच. आजचं स्पेलिंग टाकून काहीच नाही म्हणून परत फिरलेली माणसं आम्ही बघितलीत. मे १९३० लावून बघा, सिडनी-मेलबर्नच्या पेपरांत शोलापूर दिसेल.

विश्वासाचं म्हणाल तर दोन-तीन गोष्टी. त्या काळात लांबच्या पेपरांना बातमी तारेनं यायची, वृत्तसंस्थेकडून, तीच तार पन्नास पेपर छापायचे. म्हणून एकाच मजकुराची पन्नास कात्रणं सापडली म्हणजे पन्नास साक्षीदार नव्हेत, साक्षीदार एकच, तोही मुंबईत किंवा लंडनमध्ये बसलेला आणि बहुतेकदा सरकारी पत्रक हातात घेऊन. कात्रणांचा ढीग मांडून शब्द न् शब्द जुळवा, कुठला पेपर कुठं कापतो, मथळा कसा देतो, 'दंगल' म्हणतो का 'उठाव', तिथं खरी माहिती आहे. म्हणजे घटनेबद्दल कमी आणि घटना बाहेर कशी सांगितली गेली याबद्दल जास्त.

दुसरं, मशीन छापील अक्षर वाचतं तेव्हा चुकतं, शाई पसरली असेल तर 'शोलापूर' चं काहीही करतं. ट्रोव्हवर वाचकांना ती चूक दुरुस्त करता येते, तुम्ही केलीत तर पुढच्याचं भलं. पण याचा अर्थ 'सापडलं नाही' म्हणजे 'छापलं नव्हतं' असं लिहू नका. आसपासची गावं, अधिकारी, 'मार्शल लॉ' असे वेगवेगळे शब्द लावून बघा, आणि महत्त्वाच्या तारखांचे अंक तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तसेच नजरेखालून घाला, पूर्वी वाचनालयात घालायचो तसे.

तिसरं म्हणजे ज्याचं डिजिटल झालं तेच उद्धृत व्हायला लागतं. वर नाव आलेल्या मिलिगन यांनीच कॅनडातल्या इतिहासाच्या प्रबंधांच्या तळटिपा तपासल्या होत्या, तर ऑनलाइन शोधता येणाऱ्या टोरांटोच्या पेपरांचे दाखले भराभर वाढलेले आणि जे पेपर ऑनलाइन नाहीत ते मागं पडलेले. आपल्याकडे तेच होणार, सिडनीचा पेपर बोटाच्या टोकावर आणि सोलापुरातच निघालेला अंक कुणाच्या तरी वाड्यात गाठोड्यात. गुरुजी, तुमची ओळख असेल तर ती गाठोडी आधी सोडवा, ऑस्ट्रेलिया कुठं पळून जात नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना त्याच १९३० च्या प्रकरणात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं, त्यांच्याबद्दल पेठेतल्या माणसांनी काय लिहिलं ते सिडनीत मिळणार नाही.

सरकारी बाजूसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची 'अभिलेख पटल' ही साइट आहे, त्यात होम डिपार्टमेंटच्या पोलिटिकल शाखेच्या फाइली बघा. आणि १८८४ चं शोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर तर स्कॅन होऊन केव्हाच आलंय, पेठांची जुनी माहिती तिथं चांगली मिळते.

प्रश्न : साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हाचे माझ्याकडे व्हॉट्सॲपवर आलेले बरेच व्हिडिओ आहेत. सगळे म्हणतात 'ओरिजिनल'. उद्या कुणी सोलापूरच्या विमानतळाचा इतिहास लिहिला तर यातला कुठला धरायचा?
— होटगी रोड

उत्तर : लय भारी प्रश्न आहे, कारण जून २०२३ मधली ती घटना सोलापुरात कागदावर कमी आणि मोबाइलवर जास्त नोंदली गेलीय. सिद्धेश्वर कारखान्याची को-जनरेशनची, म्हणजे वीजनिर्मितीची चिमणी, विमानांना अडथळा म्हणून पाडलेली, एका बाजूला विमानसेवा पाहिजे म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ऊसवाले सभासद, आणि मध्ये हजारो मोबाइल.

पहिलं, व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ ओरिजिनल नसतोच. पाठवताना तो दाबून लहान केला जातो, आणि मूळ फाइलच्या पोटात असलेली माहिती, कधी काढला, कुठल्या मोबाइलनं काढला, लोकेशन चालू असेल तर कुठून काढला, ही सगळी गळून पडते. तुमच्या फोनमध्ये दिसते ती तारीख तुमच्याकडे आल्याची. म्हणून ज्यानं स्वतः शूट केलंय त्याच्याकडूनच फाइल मागायची आणि ती केबलनं किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून घ्यायची, गॅलरीतून नाही. ज्यानं काढला तो गच्चीवर उभा होता का रस्त्यावर, किती वाजले होते, हे त्याच्याशी बोलून लिहून घ्या, त्याशिवाय नुसती फाइल मुकी.

मूळ काढणारा सापडला नाही तर चित्रातनंच काम करायचं. चिमणी कुठल्या बाजूला कोसळतीय, मागं काय दिसतंय, सावली कुठं पडलीय, यावरून कुठं उभा राहून काढलाय ते नकाशावर ठरवता येतं. आवाजाकडे लक्ष द्या, धूळ उडाल्यावर मागची माणसं काय ओरडतायत ते ऐका, आणि वर गाणं चिकटवलेलं असेल तर तो व्हिडिओ कुणीतरी बसून एडिट केलाय.

पण म्हणून फॉरवर्ड झालेले टाकून देऊ नका! एकच क्लिप एका ग्रुपवर 'अखेर अडथळा दूर' अशा ओळीखाली फिरते आणि दुसऱ्या ग्रुपवर 'शेतकऱ्याच्या छातीवर घाव' अशा ओळीखाली, तर घटना काय झाली यासाठी मूळ फाइल लागते आणि गावाला काय वाटलं यासाठी त्या ओळी. दोन वेगळी साधनं आहेत ती. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, त्यात तारीख-वेळ येते. कोर्टाचं काम निघालं तर गोष्ट वेगळी, तिथं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी वकील गाठा.

प्रश्न : २००७-०८ ला ऑर्कुट या फेसबुकसारख्या साइटवर आमच्या कॉलेजची कम्युनिटी होती, तिचे काही प्रिंट मी काढून ठेवले होते. आता त्यावर लेख लिहितीय. लोकांनी तेव्हा खुलेआम लिहिलेलं, मग नावासकट छापायला हरकत काय?
— वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : हरकत आहे, ताई. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्यामुळं तुमचे प्रिंट म्हणजे मोठी ठेव आहे, कुणी मागितले तर झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका. पण एकोणीस वर्षांच्या पोरानं रात्री सायबर कॅफेत बसून मित्रांसाठी लिहिलेली ओळ ही तुमच्या लेखाच्या वाचकांसाठी लिहिलेली नव्हती. आज तो कुठंतरी बँकेत साहेब असेल, त्याची बायकापोरं असतील. जिओसिटीजवर तर लहान मुलांची पानं होती, शाळेचं नाव, घरातल्या गोष्टी, सगळं. त्यावर काम करणाऱ्यांनाही हाच पेच पडला, वाचता येतं म्हणून छापता येतं का. बरेच जण एका माणसाचं पान उचलून दाखवायच्या ऐवजी हजारो पानं एकत्र घेऊन बोलतात, आणि उतारा द्यायचाच झाला तर माणूस शोधून परवानगी घेतात.

तुमच्या बाबतीत हे सोपं आहे, कारण माणसं सोलापूरचीच, फोन करा, विचारा. नाही सापडलं तर नाव काढा, आणि ओळ जशीच्या तशी न देता आपल्या शब्दात सांगा. बंद पडलेल्या ऑर्कुटवर ती ओळ शोधून सापडणार नाही, पण जुन्या दोस्तांना भाषेवरून माणूस लगेच ओळखू येतो, विशेषतः आपल्याकडे जिथं अर्ध्या वाक्यात 'बे' असतं.

प्रश्न : हे सगळं फुकाचं कौतुक आहे. वीज गेली की संपलं. कागदच खरा.
— एक जुना वाचक, भवानी पेठ

उत्तर : वीज नाही, पण हॅकर आले की काय होतं ते बघितलंय सगळ्यांनी. ऑक्टोबर २०२३ ला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि त्यांचा वेब आर्काइव्ह दीर्घकाळ बघायला मिळेना, पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला झाला, तेही काही दिवस बंद. अमेरिकेतल्या प्यू संस्थेनं २०२४ ला मोजलं तर २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. तेव्हा तुमची शंका रास्त आहे. फक्त कागदाला वाळवी लागते आणि पंधरा वर्षांपूर्वीचा निम्मा व्यवहार कागदावर झालेलाच नाही, त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

प्रश्न : आपल्याकडे सरकार वेबसाइट जपून ठेवतं का? नसेल तर आम्ही सोलापूरकरांनी काय करावं?
— विजापूर रोड

उत्तर : पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे, भारतात पुस्तक छापलं की प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना, त्यात मुंबईचं एक, प्रत पाठवायची, १९५६ ला त्यात वर्तमानपत्रंही आली. वेबसाइट त्यात नाही. डेन्मार्कनं २००५ पासून आणि ब्रिटननं २०१३ पासून आपल्या देशाच्या वेबसाइट कायद्यानंच गोळा करायला सुरुवात केली, आपल्याकडे अजून तसं काही नाही. म्हणून सोलापूरचं जे काही जपलं गेलंय ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या मशीनच्या मर्जीवर, आणि ते मशीन जिथं जास्त लिंका तिथं जास्त वेळा जातं, आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या पानावर कशाला येईल.

करण्यासारखं असं. वेबॅक मशीनच्या मुख्य पानावर 'सेव्ह पेज नाऊ' म्हणून चौकोन आहे, त्यात पत्ता टाकला की त्या क्षणीची प्रत जाते, पैसे लागत नाहीत, वेबसाइट तुमची असायला लागत नाही. जिथं लॉगिन लागतं तिथं हे चालत नाही, फेसबुक-इन्स्टाग्रामचं तर बहुतेक वेळा फसतं, तिथं स्क्रीनशॉट आणि वर हातानं तारीख. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी बघा, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मार्ग, वाहतुकीतले बदल, स्टॉलच्या जाहिराती, सगळं जानेवारीत ऑनलाइन येतं आणि फेब्रुवारीत त्याच पानावर दुसरंच काहीतरी असतं. तेवढे आठ-दहा दिवस रोज एकानं बसून पानं सेव्ह केली, उरलेल्याचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये टाकले, फाइलच्या नावात तारीख आणि कुठून घेतलं ते लिहिलं, आणि तो फोल्डर दोन ठिकाणी ठेवला, तर भागलं. एखाद्या कॉलेजच्या इतिहास विभागानं पोरांना प्रोजेक्ट म्हणून हे द्यायला काय हरकत आहे? मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू पानंपण घ्या, नाहीतर अर्धं सोलापूर बाहेरच राहील.

पुढच्या अंकात जुन्या घरांच्या खरेदीखतांवर प्रश्न घेतोय. मोडीतला कागद असेल तर फोटो सरळ वरून आणि उजेडात काढून पाठवा, तिरका काढलेला वाचता येत नाही.